‘ट्रॅव्हलर’ला स्पॅनिशमध्ये काय म्हणायचं? बियाखेरो, पासाखेरो, तुरिस्ता की आणखी काही?

शब्दखुळी
मंडळी, स्पॅनिश येणाऱ्यांनी जरा इकडे या.

एका प्रवासाच्या अ‍ॅपचा मजकूर स्पॅनिशमध्ये करतेय. मूळ इंग्रजी. लिहिणाऱ्याने ‘ट्रॅव्हलर’ हा एकच शब्द भाताच्या रोपासारखा जिथे तिथे लावलाय. तिकीट काढणारा ट्रॅव्हलर, खोली घेणारा ट्रॅव्हलर, सांतियागोची पदयात्रा करणारा ट्रॅव्हलर, ‘आमच्या ट्रॅव्हलर्सचे अनुभव’ हे सदर वेगळंच. मजकूर तपासायला दोघी आहेत, एक सेव्हियाची आणि दुसरी चिलीतल्या सांतियागोची. एकीने बियाखेरो ठेवलं की दुसरी तिथे पासाखेरो करते. तुरिस्ता म्हटलं की दोघी नाक मुरडतात, आणि एवढ्या एकाच बाबतीत त्यांचं एकमत आहे.

शब्दकोशात बघितलं तर सगळेच बरोबर. काही सूत्र आहे का यामागे?

लिप्यंतराबद्दल: स्पॅनिशमध्ये व्ही आणि बी यांचा उच्चार सारखाच, म्हणून ब लिहितेय. सुरुवातीचा एच मुका आहे, तोही सोडलाय.

उगाचच
एवढं काय त्यात? प्रवासी तो प्रवासी. एक शब्द घ्या आणि सगळीकडे बदलून टाका, दोन मिनिटांचं काम.

तळटीप
उगाचच, तुम्ही एसटीत बसलात की प्रवासी, जुन्या रेल्वेच्या भाषेत उतारू. जेजुरीला गेलात की यात्रेकरू, महाबळेश्वरला पर्यटक, सासुरवाडीला पाहुणे. रात्री अनोळखी गावात पारावर बसून राहिलात तर पंचनाम्यात ‘परगावचा इसम’. माणूस तोच, बॅगही तीच. करा बघू एक शब्द सगळीकडे.

माद्रिदकर
वाहतुकीपुरतं मी सांगतो, इथे रोजचं ऐकणं आहे.

स्पेनमध्ये विमानात बसलेला माणूस पासाखेरो. रेल्वे आणि बसमधला मात्र बहुतेक वेळा बियाखेरो. रेल्वे कंपनी रेन्फेच्या माणसं वाहणाऱ्या शाखेचं नावच ‘रेन्फे बियाखेरोस’ आहे. विमानतळांचे आकडे येतात ते पासाखेरोंचे, लोकल गाड्यांचे आकडे येतात ते बियाखेरोंचे. रेल्वेत कोणी पासाखेरो म्हटलं तर चूक नाही, कान टवकारणार नाहीत. उलट विमानात बियाखेरो म्हटलं तर किंचित वेगळं वाटतं. विमान कंपनीचा अर्ज असेल तर पासाखेरोच.

आणि मेहिकोच्या, म्हणजे मेक्सिकोच्या, मेट्रोत गेलात तर दोन्ही नाहीत. तिथे घोषणांमध्ये तुम्ही ‘उसुआरियो’, म्हणजे वापरकर्ते.

चिली_मिली
सांतियागोच्या बाईची बाजू मी घेते, कारण मीही त्याच सांतियागोची (सून!). तिने बहुधा हॉटेलच्या पानावर पासाखेरो केलं असेल. चिलीत आणि अर्जेंटिनात हॉटेलात उतरलेल्या माणसालाही पासाखेरो म्हणतात. स्वागतकक्षातली मुलगी सहकाऱ्याला सांगते, बारा नंबरचा पासाखेरो चावी मागतोय. स्पेनच्या माणसाला वाटेल हॉटेलला चाकं आहेत की काय.

सर्वांना चालणारा शब्द म्हणजे वेस्पेद. हॉटेलचा पाहुणा. एके काळी पाहुणा आणि यजमान दोघांनाही हाच शब्द होता, आता यजमानासाठी तो कोणी वापरत नाही. शब्दखुळी, हॉटेलची पानं डोळे मिटून वेस्पेद कर.

माद्रिदकर
सहमत, फक्त एक पाचर मारतो. स्पेनमध्ये हॉटेलवाला तुम्हाला तोंडावर वेस्पेद म्हणेल, पण पोलिसांसाठी तुमची माहिती भरून घेतो तो कागद ‘पार्ते दे बियाखेरोस’. २०२१ च्या शाही फर्मानाने ही माहिती बरीच वाढवली, आणि २ डिसेंबर २०२४ पासून ती सरकारच्या संगणक प्रणालीत भरणं हॉटेलांना बंधनकारक झालं. अ‍ॅपमध्ये स्पेनच्या चेक-इनचा भाग असेल तर त्या एका पडद्यावर बियाखेरो हाच शब्द लोकांच्या ओळखीचा आहे.

शब्दखुळी
आहे ना! आणि तिथेच सेव्हियाच्या बाईने वेस्पेदचं बियाखेरो केलं होतं. मला वाटलं होतं ती चिलीवालीवर राग काढतेय.

व्याकरणकाका
सूत्र आहे, फक्त ते व्याकरणाच्या पुस्तकात मिळणार नाही.

हे शब्द माणूस काय करतोय यावरून वेगळे झालेले नाहीत. त्याच्याकडे कोण बघतंय यावरून वेगळे झालेत. वाहून नेणारा बघतो तेव्हा पासाखेरो, जागा देणारा बघतो तेव्हा वेस्पेद, गावकरी बघतो तेव्हा फोरास्तेरो, म्हणजे परगावचा. सीमेवरचा शिपाई बघतो तेव्हा एक्स्त्रांखेरो, परदेशी. आणि माणूस स्वतःकडे आरशात बघतो तेव्हा बियाखेरो.

मोजणारा बघतो तेव्हा आणखी मजा. संयुक्त राष्ट्रांची पर्यटन संस्था माद्रिदलाच आहे. तिच्या व्याख्येप्रमाणे बाहेरून आलेला तो बिसितान्ते. रात्री मुक्काम केला तर तुरिस्ता, त्याच दिवशी परतला तर एक्स्कुर्सिओनिस्ता. म्हणजे फ्रान्समधून सकाळी सीमा ओलांडून जेवायला आलेलं कुटुंब संध्याकाळी परत गेलं तर आकडेवारीत ते तुरिस्ता नाहीच. स्पेनच्या सांख्यिकी संस्थेने २०२४ साली सुमारे ९ कोटी ३८ लाख परदेशी तुरिस्ता मोजले ते या व्याख्येचे. पण रोजच्या बोलण्यात एक्स्कुर्सिओनिस्ता म्हणजे पाठीवर पिशवी घेऊन डोंगरात गेलेला माणूस. सरकारी अहवालाचं भाषांतर करणारे इथे हमखास अडखळतात.

स्पेनची तीच सांख्यिकी संस्था हॉटेलांची पाहणी करते तेव्हा मात्र एक रात्र राहिलेल्या प्रत्येकाला बियाखेरो म्हणते, मग तो शेजारच्या जिल्ह्यातून का आलेला असेना.

आणि बियाखान्ते हा शब्द कुणालाही मोह पाडेल असा आहे, तो टाळ. तो फिरता विक्रेता. नमुन्यांची पेटी घेऊन गावोगाव हिंडणारा.

कोकणकडा
काका, आरशाचा मुद्दा पटला नाही. रेन्फे काय आरशात बघते? ती वाहून नेणारीच आहे, तरी बियाखेरो म्हणते.

व्याकरणकाका
कोकणकडा, बरोबर पकडलंत. माझं सूत्र रुळांवर जरा घसरतं हे खरं. जुन्या घोडागाडीच्या काळापासून रस्त्याने जाणारा तो बियाखेरो ही सवय रुळांपर्यंत टिकली, आणि जहाजातला पासाखेरो विमानात चढला, असं मला वाटतं. पुरावा मागू नका.

पण दुसरीकडे सूत्र चोख चालतं. स्पेनचं परराष्ट्र खातं बाहेर जाणाऱ्या स्वतःच्या नागरिकांसाठी नोंदवही ठेवतं, तिचं नाव ‘रेखिस्त्रो दे बियाखेरोस’. तो स्पॅनिश माणूस थायलंडला समुद्रकिनाऱ्यावर लोळायला चाललाय, पण आपला आहे, म्हणून बियाखेरो. तिथून इकडे लोळायला येणारा तो तुरिस्ता.

अलीकडचं उदाहरण: लॅपटॉप घेऊन देशोदेशी राहणाऱ्यांना सगळे ‘नोमादा दिखिताल’ म्हणतात, वर्तमानपत्रंसुद्धा. २०२२ च्या ज्या कायद्याने त्यांना स्पेनमध्ये राहायची परवानगी मिळाली, त्यात शब्द आहे ‘आंतरराष्ट्रीय स्वरूपाचा दूरकामगार’. भटक्याला कोणतं सरकार परवाना देईल? कामगाराला देता येतो.

तळटीप
बियाखेरोतला अहंकार कोणी बोललंच नाही. ‘मी तुरिस्ता नाही, मी बियाखेरो’ हे वाक्य स्पॅनिश प्रवासवर्णनांत इतकं झिजलंय की आता त्याची टिंगल होते. असं म्हणणाराही त्याच रांगेत उभा राहून तेच फोटो काढतो. विमानातल्या सगळ्यात स्वस्त वर्गाचं नाव मात्र ‘क्लासे तुरिस्ता’. गुडघे पोटाशी घेऊन बसताना बियाखेरोपण कुठे जातं कोण जाणे.

माद्रिदकर
तुरिस्ताला दोघी नाक का मुरडतात? सेव्हियाच्या बाईपुरतं सांगतो.

शब्दात मुळात वाईट काही नाही. पण गेल्या काही वर्षांत स्पेनच्या शहरांत घरभाडी चढली, जुन्या वस्त्यांतले फ्लॅट पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने जाऊ लागले आणि ‘पिसो तुरिस्तिको’ हा शब्द भांडणाचा झाला. एप्रिल २०२४ मध्ये कॅनरी बेटांवर मोठे मोर्चे निघाले, जुलैमध्ये बार्सेलोनात मोर्चेकऱ्यांनी कॅफेत बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. बार्सेलोनाच्या महापौरांनी तर शहरातले दहा हजारांवर पर्यटक-फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायचं जाहीर केलंय. अशा हवेत अ‍ॅपने ‘ओला, तुरिस्ता’ (नमस्कार, पर्यटका) म्हणून स्वागत करणं म्हणजे आल्या आल्या पिचकारीपुढे उभं करणं.

मात्र तुरिस्ता पूर्ण काढूही नका. पर्यटन माहिती केंद्र, पर्यटक कर, पर्यटक व्हिसा इथे त्याला पर्याय नाही.

उगाचच
मग शिव्या पण सांगा. कामाच्या गोष्टी तर तुम्ही सगळे सांगताच आहात.

माद्रिदकर
😄 घ्या. उन्हाने लाल झालेला, सॅंडलमध्ये मोजे घातलेला उत्तर युरोपीय तो ‘गिरी’. स्पॅनिश अकादमीच्या कोशाप्रमाणे हा शब्द एकोणिसाव्या शतकात स्पेनच्या गादीवरून झालेल्या कार्लिस्ट युद्धांतून आलाय. राणी क्रिस्तीनाच्या पक्षातल्या लोकांना बास्क भाषेत जे म्हणत त्याचं हे आखूड रूप. राणीचे सैनिक गेले आणि शब्द समुद्रकिनाऱ्यावर येऊन पडला. प्रेमानेही म्हणतात, चिडूनही. अ‍ॅपमध्ये मुळीच नको.

रविवारी सकाळी गाडी काढून डोंगरात जाणारा, रस्ता अडवणारा आणि कचरा टाकून येणारा तो ‘दोमिंगेरो’. दोमिंगो म्हणजे रविवार. बार्सेलोनाहून शनिवार-रविवारी गावाकडे येणाऱ्यांना कातालान खेड्यांत ‘पिशापिन्स’ म्हणतात, अर्थ: पाइनच्या झाडांवर मुतणारे. कॅनरी बेटांवर मुख्यभूमीतून आलेला तो ‘गोदो’. म्हणजे शिव्यांतसुद्धा परदेशी माणसापेक्षा शेजारच्या शहरातल्यावर जास्त दात.

उन्हाळाभर एका जागी जाऊन राहणारा मात्र सभ्य ‘बेरानेआन्ते’. ऑगस्टमध्ये आपल्या आजोळच्या खेड्यात परतणारी माद्रिदची कुटुंबंही यातच मोडतात, पण ती मंडळी स्वतःला असं म्हणवून घेणार नाहीत. ‘आम्ही इथलेच’ म्हणतात.

कोकणकडा
हे तर आमचे गणपतीतले चाकरमानी. गावात वर्षभर राहणाऱ्याला विचारा ते ‘इथलेच’ आहेत का.

चिली_मिली
अवांतर, पण इथल्या लोकांच्या कामाचं. आपण भारतातून तिकडे गेलो की गिरी सहसा होत नाही. स्पॅनिशमध्ये भारतीयाला बरेचदा ‘इंदू’ म्हणतात, हिंदू या शब्दाचाच तो उच्चार, आणि अकादमीनेही तो धर्म न बघता भारतीय या अर्थाने मान्य केलाय. माझी औरंगाबादची मुस्लिम मैत्रीण इथे आली तेव्हा सगळे तिला प्रेमाने इंदू म्हणत होते. ‘इंदियो’ हाही शब्द बरोबर, पण लॅटिन अमेरिकेत तो आधी तिथल्या मूळ रहिवाशांची आठवण करून देतो, अनेकदा शिवीसारखा. ‘दे ला इंदिया’, म्हणजे भारतातला, एवढं म्हटलं की सगळे प्रश्न मिटतात.

पायपीट
कामिनोवाल्यांसाठी, म्हणजे स्पेनमधल्या सांतियागोची पदयात्रा करणाऱ्यांसाठी, मी आहे! तिथे शब्द एकच, पेरेग्रिनो. बियाखेरो लिहिलंत तर चालणारा माणूस दुखावेल, तुरिस्ता लिहिलंत तर भांडेल.

हा शब्द तिथे कमवावा लागतो आणि त्याचे नियम लेखी आहेत. पेरेग्रिनोचं ओळखपत्र असतं, क्रेदेन्सियाल. वाटेतल्या चर्चमध्ये, धर्मशाळांत, अगदी बारमध्येही त्यावर शिक्के घ्यायचे. शेवटचे निदान १०० किलोमीटर पायी किंवा २०० किलोमीटर सायकलवर झाले असतील तरच सांतियागोच्या कचेरीत ‘कॉम्पोस्तेला’ हे लॅटिन प्रमाणपत्र मिळतं. म्हणूनच सारिया या गावापासून वाटेवर एकदम गर्दी होते, कारण ते शंभराच्या रेघेच्या जरासंच अलीकडे आहे. २०२४ साली अशी पाच लाखांच्या अगदी जवळपास प्रमाणपत्रं दिली गेली.

मग फ्रान्सच्या हद्दीतून पिरेनीज ओलांडून साडेसातशे किलोमीटरच्या वर चालत आलेले लोक सारियाला हलकी पिशवी घेऊन उतरलेल्यांना काय म्हणतात? ‘तुरिग्रिनो’. अर्धा तुरिस्ता, अर्धा पेरेग्रिनो. सामान पुढच्या मुक्कामी गाडीने पाठवतात, रात्री हॉटेलात झोपतात. सायकलवाल्यांना ‘बिसिग्रिनो’ म्हणतात, त्यात टोमणा नाही. धर्मशाळा सांभाळणारा स्वयंसेवक ‘ओस्पितालेरो’. शब्दखुळी, अ‍ॅपमध्ये धर्मशाळेच्या पानावर वेस्पेद लिहू नकोस. आल्बेर्गेत सगळे पेरेग्रिनोच असतात, आणि रात्री दहाला दिवे मालवणाऱ्या ओस्पितालेरोला तू पाहुणी आहेस असं वाटतही नाही.

मंडईकर
वा पायपीट. म्हणजे हौशे, नवशे, गवशे तिकडेही आहेत.

याच्या जवळचा माझा प्रश्न. भाच्याने वारीवर छोटी माहितीफीत केलीय, आळंदीपासून पंढरपूरपर्यंत एका दिंडीबरोबर चालत. तिला स्पॅनिश उपशीर्षकं हवी आहेत. वारकऱ्याला पेरेग्रिनो म्हणायचं का? पायपीट सांगताहेत त्या वाटेवर माणूस एकेकटा चालताना दिसतो. आमच्याकडे दिंडी सोडून एकटा चालणारा म्हणजे चुकलेला.

पायपीट
मंडईकर, हा फरक मलाही तिथे सारखा जाणवायचा. कामिनोवर लोक एकटेपणा शोधायला येतात. दुसऱ्याशी बोलायचं नसेल तर बोलत नाहीत आणि त्याचं कोणाला वाईट वाटत नाही.

तुमच्या वारीला जास्त जवळचं आहे ते अंदालुसियातलं एल रोसियो. पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुमारास वेल्वा प्रांतातल्या आल्मोन्तेजवळच्या देवळाला माणसं जातात, पण एकेकटी नाहीत. ‘एर्मानदाद’ म्हणजे बंधुमंडळं असतात, शंभराहून जास्त, गावोगावची. प्रत्येक मंडळाची फुलांनी मढवलेली बैलगाडी, तिच्यात त्यांचं देवीचं (म्हणजे मेरीमातेचं) निशाण, मागे पायी, घोड्यावर, गाड्यांतून चाललेला लोंढा, गाणी, वाटेतले मुक्काम, नदीच्या उतारावर नव्याने आलेल्यांच्या डोक्यावर पाणी घालायची पद्धत. कोणत्या मंडळाने कोणत्या क्रमाने देवीपुढे जायचं हेही ठरलेलं. दिंडी, पालखीचा रथ, मानाचा क्रम, बघा जुळतंय का. यांना ‘रोमेरो’ म्हणतात, रोसियोला जाणारे खास ‘रोसिएरो’, आणि अशा यात्रेला ‘रोमेरिया’.

व्याकरणकाका
पायपीटशी बरोबरी करणं अवघड, पण रोमेरोबद्दल दोन गोष्टी. मध्ययुगात हे शब्द वाटून दिलेले होते. दान्तेने तेराव्या शतकाच्या अखेरीस इटालियनमध्ये नोंदवून ठेवलंय: जेरुसलेमहून खजुरीचं पान घेऊन येणारे ‘पाल्मिएरी’, गालिसियाला सांतियागोच्या कबरीकडे जाणारे ‘पेरेग्रिनी’, रोमला जाणारे ‘रोमेई’. स्पॅनिशमधला रोमेरो त्याच कुळातला. तिथला पाल्मेरो आता यात्रेकरू उरला नाही. फ्लामेंकोत टाळ्यांचा ठेका धरणारा झालाय.

दुसरी गोष्ट, रोमेरो म्हणजे रोजमेरीचं झुडूपही. शब्द सारखा, मूळ वेगळं. मेहिकोतल्या प्रेक्षकाला उपशीर्षकात रोमेरोस दिसले तर तो आधी झुडपाचा विचार करेल. तिथे १२ डिसेंबरला ग्वादालुपेच्या देवीला गटागटाने, आपापल्या झेंड्याखाली, चालत येणाऱ्या लाखोंना पेरेग्रिनोच म्हणतात. ब्वेनोस आयरेसहून लुहानला रात्रभर चालत जाणाऱ्यांनाही तेच. माझा कौल: पहिल्या वेळी ‘वारकरी’ हा शब्द तसाच ठेवा, त्याला पेरेग्रिनोची जोड द्या, पुढे नुसतं वारकरी. दिंडीला मात्र एर्मानदाद करू नका. त्यात चर्चची नोंदणी, पदाधिकारी, चांदीचे राजदंड सगळं आलं.

मंडईकर
वारकरी ठेवतोय. दिंडीसाठी ‘ग्रुपो’ वाचून भाचा रुसला आहे, पण उपशीर्षकात तेवढंच मावेल.

कोकणकडा
सगळे हौसेने फिरणाऱ्यांचंच बोलताय. मी एका संस्थेसाठी स्थलांतरितांवरचे अहवाल वाचतो, त्यातले शब्द बघा.

व्हेनेझुएलातून गेल्या दशकात सत्तर लाखांहून जास्त माणसं बाहेर पडली. त्यातली ज्यांच्याकडे बसचे पैसे नव्हते ती कोलंबियात कुकुताहून डोंगर चढून बुकारामांगा, बोगोताकडे पायी निघाली, वाटेत बेर्लिनचं गारठ्याचं पठार, तीन हजार मीटरच्या वर, अंगावर पातळ कपडे. त्यांना सगळे ‘कामिनान्तेस’ म्हणतात. शब्दशः बघा, चालणारे. कामिनोवरचा चालणाराही कामिनान्ते, पण कोलंबियात हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे मूल कडेवर घेतलेली बाई येते. अ‍ॅपमध्ये पदभ्रमणवाल्यांना कामिनान्तेस केलं असेल तर कोलंबियासाठी ‘सेंदेरिस्ता’ करा.

अर्जेंटिनात हंगामाबरोबर पिकामागे फिरणाऱ्या मजुराला ‘त्राबाखादोर गोलोंद्रिना’ म्हणतात, गोलोंद्रिना म्हणजे पाकोळीसारखा पक्षी, ऋतू बदलला की जाणारा. सांतियागो देल एस्तेरो प्रांतातली कुटुंबं तुकुमानच्या ऊसतोडीला जायची ती अशीच. बीडच्या ऊसतोड कामगारांवर स्पॅनिश लेख वाचला, त्यात नुसतं ‘मिग्रान्तेस’ होतं. कोयता, उचल, मुकादम यातलं काही त्या शब्दात येत नाही. तिथे गोलोंद्रिना किंवा ‘साफ्रेरो’ म्हणजे ऊसतोड्या, यातलं एक हवं होतं. साफ्रा म्हणजे उसाचा गळीत हंगाम. स्पेनमध्ये हंगामी शेतमजूर ‘तेंपोरेरो’.

आणि १९४२ ते १९६४ या काळात मेहिकोतून अमेरिकेत शेतीला नेले ते ‘ब्रासेरो’. ब्रासो म्हणजे बाहू. करारात हवे होते ते हातच.

तळटीप
+१. याच्या उलट टोकाचा शब्द ‘इंदियानो’. आस्तुरियास, कांताब्रिया, गालिसियातून गरिबीला कंटाळून क्युबा, अर्जेंटिनाला गेलेले, आणि नशीब काढून परतलेले. गावात रंगीत हवेली बांधायची, दारात ताडाचं झाड लावायचं, शाळेला देणगी द्यायची. ती घरं अजून दिसतात. जे परतलेच नाहीत किंवा रिकाम्या हाताने परतले त्यांच्यासाठी असा ऐटदार शब्द नाही.

माद्रिदकर
आणि सांभाळायचा एक शब्द: त्रान्सेउन्ते. कोशात ‘वाटेने जाणारा’, वाटसरू. पण स्पेनच्या समाजकल्याण खात्यांच्या भाषेत ‘आल्बेर्गे दे त्रान्सेउन्तेस’ म्हणजे बेघर फिरस्त्यांचा निवारा. शब्दखुळीच्या अ‍ॅपमध्ये ‘स्वस्त मुक्काम’ या सदरात हा आला तर घोटाळा.

शब्दखुळी
बाप रे, धागा वारीच्याही पुढे गेला. दोन व्यावहारिक अडचणी उरल्यात.

एक, लिंग. बियाखेरो म्हटलं तर बाई कुठे गेली? प्रत्येक ठिकाणी तिरपी रेघ मारून ओ आणि आ दोन्ही लिहायचं तर बटणात मजकूर मावत नाही. दोन, स्पेन आणि लॅटिन अमेरिका यांना एकच आवृत्ती द्यायचीय.

चिली_मिली
नामच काढून टाक ना! ‘ट्रॅव्हलर निवडा’ऐवजी ‘किएन बियाखा?’, म्हणजे कोण प्रवास करतंय? खाली ‘दोन प्रौढ, एक मूल’. ना लिंग, ना पासाखेरो-बियाखेरोचं भांडण. स्वागतालाही ‘बिएनबेनिदो’ नको, तिथेही लिंग येतं. ‘ते दामोस ला बिएनबेनिदा’ म्हण, आम्ही तुझं स्वागत करतो. फक्त ‘तुम्ही किती जण?’ असं विचारताना जप. स्पेनवाले ‘क्वांतोस सोइस’ म्हणतील, इकडे ते नाटकातल्यासारखं वाटतं. ‘किती माणसं प्रवास करणार?’ असं तिसऱ्या पुरुषात विचारलंस की दोन्हीकडे चालतं.

वेस्पेद पुरुष-बाई दोघांना तसाच, तुरिस्ताही तसाच. मोचिलेरो, म्हणजे पाठपिशवीवाला, याचं मात्र मोचिलेरा होतं.

व्याकरणकाका
‘सहप्रवासी’ असेल तर ‘आकोम्पान्यान्ते’. त्यालाही लिंगाची भानगड नाही. ‘कोम्पान्येरो दे बियाखे’ टाळ, त्याला राजकारणातला वास आहे. कम्युनिस्टांच्या सहानुभूतिदारांना असं म्हणत.

शब्दखुळी
काल रात्री दोघींबरोबर बसून ठरवलं. तिकिटाचा पहिला पडदा: किएन बियाखा. विमानाचा अर्ज: पासाखेरो. रेल्वे-बस: स्पेनसाठी बियाखेरो, बाकी ठिकाणी पासाखेरो, तेवढ्या दोन ओळी वेगळ्या ठेवायला कंपनी तयार झाली. हॉटेल: वेस्पेद, स्पेनच्या नोंदणीच्या पडद्यावर बियाखेरो. कामिनो: पेरेग्रिनो, आल्बेर्गेच्या पानावरसुद्धा. पदभ्रमण: सेंदेरिस्ता. तुरिस्ता फक्त कर आणि माहिती केंद्र.

‘आमच्या ट्रॅव्हलर्सचे अनुभव’ यावर मात्र तासभर वाद झाला. चिलीची म्हणे बियाखेरोस ठेवू या, लोकांना ते म्हणवून घ्यायला आवडतं. सेव्हियाची म्हणे म्हणूनच नको. शेवटी ‘इस्तोरियास दे बियाखे’, प्रवासाच्या गोष्टी, असं केलं.

उगाचच
दोन मिनिटांचं काम म्हणालो होतो तेवढं सोडा. टाइम ट्रॅव्हलरला काय म्हणतात?

माद्रिदकर
बियाखेरो एन एल तिएम्पो. सेव्हियात, चिलीत, सगळीकडे तेच.